उपासाची गोळी

मोरेश्वर सोनकुसरे यांना उपासाची गोळी त्यांच्या मुलीनेच सुरू करून दिली होती.

गोळीचं खरं नाव लंघनिल. पण ते डॉक्टरांच्या चिठ्ठीपुरतंच. नागपुरात दुकानात, चौकात, लग्नाच्या पंगतीत तिला सगळे उपासाची गोळीच म्हणत. सकाळी एक गोळी पोटात टाकायची आणि मग हवं ते खायचं. यकृताला वाटायचं की माणूस उपाशी आहे, आणि ते मुकाट्याने चरबी जाळायला काढायचं. साखर उतरायची, वजन उतरायचं. ती बाजारात येऊन दोन वर्षंही झाली नव्हती, पण घराघरात पोचली होती.

मोरेश्वररावांची सारी हयात गोळीबार चौकाजवळच्या त्यांच्या सावजी भोजनालयात, भट्टीपुढे गेली. रश्श्यावर बोटभर तेलाची तर्री तरंगल्याशिवाय वाटी बाहेर जाऊ द्यायची नाही हा त्यांचा नेम, आणि बाहेर जाणारी प्रत्येक भाजी आधी स्वतः तळहातावर घेऊन चाटून बघायची हा दुसरा. सत्तरीला आले तेव्हा पाय सुजलेले, साखर चढलेली आणि यकृत चरबीने भरलेलं. मुलगी प्रणाली वर्धा रोडवरच्या चयापचय संस्थेत संशोधक होती. लंघनिलच्या उंदरांवरच्या चाचण्यांत तिचाही हात होता.

"बाबा, नियमाने घ्या. मी स्वतः उंदरांवर बघितलं आहे."

"म्हणजे मी तुहा उंदीर झालो काय?" म्हातारा हसला. पण मुलीच्या शब्दाखातर त्याने गोळी घेतली.

सहा-सात महिन्यांत माणूस बदलला. लोकेशच्या लग्नातला कोट त्यांच्या अंगात पुन्हा बसला. लोकेश हा थोरला मुलगा, आता भोजनालय तोच बघायचा. वडील सकाळी फिरायला जातात, जिना धाप न लागता चढतात, हे तो गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचा. दोनच गोष्टी प्रणालीला खटकल्या. एक म्हणजे बाबांचे हात गार पडायला लागले. दुसरी म्हणजे त्यांची भूक गेली. लोकेश आग्रहाने वाढायचा म्हणून ते तेलातुपाचं जेवून उठत, पण चव घेऊन बघणं सुटलं. बायको गेल्यापासून ते सोमवार धरत. आता सोमवारचा उपास मंगळवारी, कधी बुधवारपर्यंत लांबायचा.

"भूकच लागत नाही तर काहून जेवू?" ते म्हणत. "बरंच आहे ना. देवाचंही होते अन् डॉक्टरचंही."

पौषात नागपूरला हाडं गोठवणारी थंडी पडली. भट्टीजवळ आयुष्य काढलेल्या मोरेश्वररावांना खिडकी उघडी टाकून झोपायची सवय होती. एका मंगळवारी सकाळी लोकेशचा फोन आला.

प्रणाली पोचली तेव्हा बाबा पलंगावर कुशीवर होते, गुडघे पोटाशी घेऊन. कपाळ फरशीसारखं गार. मनगटावरच्या पट्ट्यावर नाडीची रेघ सपाट होती. फोनच्या पडद्यावर दिसणाऱ्या डॉक्टरांनी पट्ट्यावरचे आकडे बघितले, डोळ्यांत उजेड टाकायला सांगितला, आरसा नाकाशी धरायला सांगितला, आणि मग हात जोडले. "झोपेतच गेलेत. हृदय बंद पडलं. त्रास झाला नसणार."

अंघोळ घालताना बाबांचा हात सहज वाकला. बोटंसुद्धा सैल होती. शेजारची एक म्हातारी म्हणाली, "पुण्यवान माणूस. अंग कसं मोकळं राहिलं." दुपारच्या आत सगळं आटोपलं. लोकेशने अग्नी दिला.

दुःख ओसरायला वेळ लागतो हे प्रणालीला माहीत होतं. पण तिला त्रास देणारा प्रश्न दुःखाहून वेगळा होता. हृदय बंद पडलं ते गोळीने का?

कामावर रुजू झाल्यावर तिने चाचण्यांची सगळी माहिती पुन्हा काढली. प्रत्येक पेशीत जनुकांचा संच तोच असतो. मसाल्याचे सगळे डबे प्रत्येक स्वयंपाकघरात असतात, पण आज कुठला उघडायचा हे आज काय शिजतं आहे त्यावर ठरतं, असं ती नव्या विद्यार्थ्यांना समजावायची. उंदराला उपाशी ठेवलं की काही तासांत त्याच्या यकृतातली शेकडो जनुकं जागी होतात. ती चरबी फोडतात आणि मेंदूला चालेल असं इंधन तयार करतात. भरपूर चरबी खाऊ घातलेल्या उंदरातही यातली बरीच जनुकं जागी होतात, कारण चरबी दोन्हीकडे जाळायची असते. एकीकडे अंगातली, दुसरीकडे ताटातली. या दोन्ही वाटांवर एकच प्रथिन पहारा देतं आणि लंघनिल त्या प्रथिनाला चिकटून बसतं. पेशी भरल्या पोटी दुष्काळाची तयारी करत राहते.

यात कुणी न तपासलेली एक गोष्ट होती. गोळी उपास टाळण्यासाठीच काढलेली, त्यामुळे गोळी खाणाऱ्याला वर खराखुरा उपास घडवून कुणी बघितलंच नव्हतं. ना उंदरांत, ना माणसांत.

प्रणालीने ते करायचं ठरवलं. उंदरांच्या एका गटाला महिनोन्‌महिने गोळी आणि चरबीचं खाद्य दिलं. मग एके दिवशी खाद्य काढून घेतलं आणि पिंजऱ्यांची खोली गार केली. बाबांच्या खोलीइतकी गार. हे तिने कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा गोळी न दिलेल्या साध्या गटातले उंदीर भुकेने पिंजरा कुरतडत होते. गोळीच्या गटातला एकही हलत नव्हता. पोटाशी पाय घेऊन, गोळा होऊन, सगळे थंड.

गोळीनेच मारलं. मीच मारलं. तिच्या मनात दुसरं काही येईना. मग हाताला सवय होती म्हणून तिने पहिला उंदीर उचलला, टेबलावर उताणा ठेवला, हृदयाचा नमुना घ्यायला छाती उघडली.

रक्त लालभडक होतं, आणि ते वाहिलं.

तिने कात्री थांबवली. उघड्या छातीत ते इवलंसं हृदय निपचित होतं. मग ते एकदा आकसलं. पुन्हा शांत. ती बघत राहिली. आता काही होणार नाही असं वाटायला लागलं, आणि ते पुन्हा आकसलं.

त्या पहिल्याला तिने औषध देऊन वेदनेतून सोडवलं. उरलेले तिने दिव्याच्या उबेत मांडले. तासाभरात एकाच्या मिशा हलल्या. दुसरा कापायला लागला. मग एकामागून एक ते उठले, लडखडत खाद्याकडे गेले आणि खाऊ लागले, जणू काही झालंच नव्हतं.

कडक भुकेत आणि थंडीत उंदीर असा विझून राहू शकतो, हे जीवशास्त्राला नवीन नव्हतं. यकृत मेंदूला निरोप धाडतं की संकट आहे, पुरवून वापर. मग मेंदू अंगाची ऊब आणि हृदयाची गती उतरवत नेतो. नवीन होतं ते एवढंच, की ही सुप्ती इतकी खोल जाते आणि इतका वेळ टिकते. माणसात ती दिसत नाही, पण तिला लागणारी जनुकं माणसातही आहेत. युगानुयुगं बंद असलेले ते डबे. गोळीने त्यांची झाकणं सैल केली होती, चरबीने आणखी सैल केली, आणि उपास व थंडी यांनी मिळून ती उघडली. अशा माणसाची नाडी मिनिटाला दोन-चारदाच पडली, तर मनगटावरचा पट्टा तिला नाडी समजणार नव्हता. तो तसा बनवलाच नव्हता.

अंघोळ घालताना सहज वाकलेला तो हात प्रणालीला आठवला. मेलेल्या माणसाचं अंग सकाळपर्यंत ताठ व्हायला हवं होतं. हे तिला माहीत होतं. त्या दिवशीही माहीत होतं.

संस्थेचे संचालक डॉ. घटाटे यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"प्रयोग पुन्हा कर," ते म्हणाले. "आणि एक लक्षात ठेव. हे बाहेर गेलं की फक्त गोळी बंद होणार नाही. या दोन हिवाळ्यांत ज्यांच्या घरचं कुणी ही गोळी घेत असताना गेलं, ती प्रत्येक मुलगी, प्रत्येक मुलगा आपल्याकडे एकच प्रश्न घेऊन येईल. तुझ्याकडे उत्तर आहे?"

"नाही."

"मग त्यांना काय देणार आहेस तू?"

"त्यांना काहीच नाही, सर. पण पुढच्या थंडीत ज्यांची पाळी आहे, त्यांना."

घटाटेंनी विचारलं, "तुझे वडील घेत होते ना?"

तिने मान हलवली. त्यांनी आपल्या हाताने तिला पाणी ओतून दिलं.

प्रयोग पुन्हा केला, आणि पुन्हा. दर वेळी उंदीर उठले. आता निबंध पाठवायचा एवढंच राहिलं होतं, पण त्याआधी एका माणसाला सांगणं भाग होतं. छापून आल्यावर लोकेशला ते बातम्यांतून कळलं असतं. बाबा गोळी घेत होते, त्यांचं अंग सैल होतं, हे त्यालाही ठाऊक होतं. पुढचा हिशेब त्याने आपला आपण केला असता, एकट्याने.

दुपारची गिऱ्हाइकं गेल्यावर ती भोजनालयात गेली. लोकेश भट्टीपाशी पातेलं उतरवत होता. ती सांगत गेली, तो ऐकत राहिला. एकदाही त्याने तिला अडवलं नाही. मग पातेल्यावर झाकण ठेवून म्हणाला, "चल, मागं चल."

मागच्या अंगणात मसाला वाळत घातलेला होता. तो ओट्यावर बसला.

"मी कोणाले सांगितलं नाही," तो म्हणाला. "बायकोलेही नाही. अग्नी दिल्यावर सगळे तिकडं बाकावर जाऊन बसले होते. मी एकटा पाहून राहिलो होतो. बाबाचा हात वर आला."

प्रणाली शास्त्रज्ञाच्या आवाजात घाईघाईने म्हणाली, "दादा, ते सगळ्यांचंच होतं. उष्णतेने स्नायू आखडतात. हात वर येतो, कधी कधी माणूस उठून बसल्यासारखा..."

"हव. घाटावरला माणूसही तेच बोलला. 'सगळ्यांचंच होते, भाऊ.' मीही तेच समजून राहिलो. रोज समजून राहिलो." त्याने तिच्याकडे बघितलं. "आता तू सांग. तो हात कोणता होता? आखडलेला, का..."

"सांगता येत नाही, दादा."

"तुया मशिनीवर?"

"कशावरच नाही. आता कधीच नाही."

आतून भांडी घासण्याचा आवाज येत होता.

"तू नको म्हणालास तर..." तिने सुरुवात केली, पण ते वाक्य कुठे न्यायचं हे तिलाच कळलं नाही.

"नको कशाले म्हणू? रोज अर्धी पंगत ती गोळी खाऊन येते माह्याकडं. माह्याच हातची तर्री खाते अन् घरी जाऊन झोपते." तो ओट्यावरून उठला. "लिही. बाबाचं नाव टाक त्याच्यात. लोकांले उंदराचं सांगून पटत नाही."

तिने बाबांचं नाव टाकलं.

घटाटे म्हणाले होते तसंच झालं. फोन यायला लागले. आईचं अंग सैल होतं हो मॅडम. आमच्या ह्यांचे ओठ निळे नव्हते पडले. मुलाला घाई होती परत जायची, म्हणून आम्ही लवकर उरकलं. प्रत्येकाला तिच्याकडून एकच शब्द हवा होता, नाही. तुमचं माणूस गेलेलंच होतं. तो शब्द देणं तिच्या हातात नव्हतं, आणि खोटं सांगण्याइतकी ती त्यांची कुणी नव्हती. एक बाई रोज सकाळी फोन करायची आणि काही न बोलता ठेवून द्यायची.

कंपनीने निबंधावर आक्षेप घेतले. सरकारने समिती नेमली. शेवटी थंडीच्या तोंडावर नियम आला की लंघनिल घेणाऱ्या माणसाला आधी अंग गरम होईपर्यंत ऊब द्यायची आणि त्यानंतरच मृत ठरवायचं. गोळ्या परत मागवल्या, पण पेशींत सैल झालेली झाकणं गोळी थांबवल्याने लगेच बसत नव्हती. हेही उंदरांनीच दाखवलं.

हिवाळा सुरू झाला आणि घरोघर ऊब देणं सुरू झालं. गरम पाण्याच्या पिशव्या, कांबळी, विजेच्या गाद्या. माणसं आपल्या मेलेल्यांचे हात चोळत बसू लागली. कुणीच उठलं नाही. लोक चिडले. मेल्यावरही सुखाने जाऊ देत नाहीत म्हणाले. कामठीच्या एका घरात मुलाने वडिलांना दोन दिवस गरम ठेवलं. अंगाला वास यायला लागला तरी तो पिशव्या बदलत होता, त्याला धरून बाजूला करावं लागलं. ही बातमी ऐकली त्या दिवशी प्रणाली प्रयोगशाळेत गेली नाही. आपण लोकांच्या घरात काय सोडलं आहे, असं तिला वाटलं. तिच्याही घरात ते होतंच. डोळा लागला की तिला बाबा कुशीवर झोपलेले दिसत, आणि ती त्यांना हलवायला जाई.

पवनीजवळच्या एका गावातून बातमी आली तेव्हा तिचा विश्वास बसला नाही. कौशल्याबाई गभणे नावाच्या म्हातारीला ऊब दिल्यावर तिने डोळे उघडले होते. आधी भंडाऱ्याच्या आणि मग नागपूरच्या डॉक्टरांनी खात्री केली. सुप्तीतून परत आलेलं पहिलं माणूस.

लोकेशने स्वतःहून गाडी काढली. वाटभर तो गप्प होता. गावात शिरताना म्हणाला, "मी आत येत नाही. तू जा. फक्त एक विचार तिले. काही कळत होतं काय."

कौशल्याबाई उन्हात खाटेवर बसल्या होत्या. खांद्यावर शाल, कानाला रुमाल. सुनेने चहा आणून ठेवला आणि ती आत गेली. प्रणालीने आपली ओळख सांगितली, तब्येत विचारली, आणि मग तो प्रश्न विचारला.

म्हातारीने आधी दाराकडे बघितलं. सून कानाच्या टप्प्यात नव्हती.

"डॉक्टरांले मी नाही म्हटलं," ती हळूच म्हणाली. "तुमालेही नाही म्हणणार होते. पण तुमचं तोंड पाहून सांगून राहिली. ऐकू येत होतं, बाई. सगळं."

प्रणालीने हातातला कप खाली ठेवला.

"लेक रडत होता ते. कोणतं लुगडं काढायचं त्याच्यावरून सुना बोलत होत्या ते. माह्या पायाचे अंगठे बांधले ना, तेही समजलं. मग कोणीतरी म्हणालं, थांबा, ऊब द्यायची आहे, कायदा आहे."

"भीती वाटली?"

"वाटली तर. पण ओरडाचं कसं, तेच आठवत नव्हतं. हात कुठी आहे, तोंड कुठी आहे, काही सापडे ना." तिने शाल घट्ट ओढली. "घरच्यांले नाही सांगितलं मी. त्याहीनंच अंगठे बांधले. त्यांले सांगून जगू देऊ कशी? झोपेत होते म्हटलं. काही समजलं नाही म्हटलं."

मग तिने विचारलं, "तुमचं कोणी गेलं काय?"

प्रणालीने मान हलवली. म्हातारीने आपला हात पुढे केला आणि तिच्या हातावर ठेवला. तो गरम होता.

गाडीपाशी लोकेश बोनेटला टेकून उभा होता. तिला येताना बघून तो सरळ झाला.

"विचारलं?"

"हव."

"मग?"

शास्त्रज्ञ म्हणून आजवर तिने एकही आकडा बदलला नव्हता. ती त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "काही कळत नाही, दादा. गाढ झोपेसारखं. ती म्हणाली, झोपले अन् उठले, मधलं काहीच नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

लोकेशने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे खांदे हलत राहिले. ती शेजारी उभी राहिली, पाठीवर हात ठेवून. मग त्याने तोंड पुसलं, गाडीत बसला, आणि थोडं अंतर गेल्यावर बोलायला लागला. बाबा लहानपणी त्याला भट्टीजवळ उभं करून काळा मसाला कसा भाजायचा ते शिकवत, पहिल्यांदा त्याने तो करपवला तेव्हा न रागावता त्याचीच भाजी गिऱ्हाइकाला कशी वाढली, आणि गिऱ्हाइकाने दुसऱ्यांदा मागून कशी घेतली. सांगताना तो हसला. वर्षभरात तो बाबांचं नाव काढून पहिल्यांदा हसला होता.

"भूक लागली ना," तो म्हणाला. "उमरेडले थांबू."

रस्त्याकाठच्या ढाब्यावर त्याने दोघांसाठी मागवलं. रस्सा आला, वर तर्री तरंगत होती. लोकेशने भाकरी मोडली, पहिला घास घेतला आणि मान हलवली. मग तिच्या ताटाकडे बघत थांबला.

प्रणालीने घास उचलला. तो बघत होता, म्हणून तिने तो चावला, गिळला, आणि पुढचा उचलला.